एका एकवीस अंकी संख्येची गोष्ट

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे दुप्पट करत गेल्यावर राजाचे कोठार कसे अपुरे पडले, ही गोष्ट आपण ऐकली असेल. पटाला घरे चौसष्ट. आणखी तीन घरे असती, तर सगळे मिळून दाणे झाले असते १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. म्हणजेच दोनाचा ६७वा घात वजा एक. आज मला या संख्येविषयीच सांगायचे आहे.

१६४४ साली मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूंनी अशा संख्यांची यादी देऊन त्या मूळ आहेत, म्हणजे त्यांना १ आणि ती संख्या सोडून कशानेही भाग जात नाही, असे सांगितले. त्या यादीत आपली संख्या होती. १८७६ मध्ये ल्युका या फ्रेंच गणितज्ञांनी दाखवले, की ती मूळ नाही, संयुक्त आहे. पण भाग कशाने जातो? ते मात्र त्यांच्या कसोटीतून कळत नव्हते.

हे कसे शक्य आहे? मडके घेताना आपण ते वाजवून पाहतो. बद्द आवाज आला, की तडा आहे हे कळते. तो कुठे आहे, ते कळत नाही. मूळ संख्येच्या अंगी काही गुण हमखास असतात. त्यांतला एक जरी नसला, तरी ती संख्या मूळ नाही हे ठरते.

तडा सापडला १९०३ मध्ये. न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. एकीकडे त्यांनी दोनाचा ६७वा घात काढून त्यातून एक वजा केला. दुसरीकडे १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार केला. दोन्ही उत्तरे जुळली. ते एक शब्दही बोलले नाहीत आणि सभेने टाळ्या वाजवल्या, असे सांगतात. हे अवयव शोधायला 'तीन वर्षांचे रविवार' लागले, असे ते पुढे म्हणाल्याचीही आख्यायिका आहे.

या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवाला १३४ने भागले, तर बाकी १ उरायलाच हवी. त्यामुळे बाकीच्या संख्या तपासाव्या लागत नाहीत. तरीही कोल यांचा लहान अवयव त्या रांगेत १४,४५,५८०वा आहे! मी हा गुणाकार वहीत करून पाहिला. अर्ध्या तासात जमला. म्हणजे पडताळायला अर्धा तास आणि शोधायला तीन वर्षे.

हीच तफावत आज आपल्या कामी येते. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी तिच्यावर गुप्तलेखनाची पद्धत उभारली. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार जगजाहीर करायचा. त्या दोन संख्या मात्र गुप्त. इंटरनेटवरच्या कित्येक व्यवहारांत आजही असे ६१७ अंकी गुणाकार वापरले जातात. २०२० मध्ये अशा एका २५० अंकी संख्येचे अवयव सापडले, तेही असंख्य संगणक राबवून.

संख्या मूळ आहे की नाही, हे झटपट आणि खात्रीने ठरवता येते, हे २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केले. अवयव झटपट पाडण्याची रीत मात्र आजच्या संगणकांसाठी कुणालाही सापडलेली नाही. अशी रीत असूच शकत नाही, हेही कुणी सिद्ध केलेले नाही. पुरेसा मोठा क्वांटम संगणक हे काम करू शकेल, असे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवले. म्हणून २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने अवयवांवर न विसंबणाऱ्या नव्या पद्धती जाहीर केल्या.

कुलूप मजबूत आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. या कुलपाचे वेगळे आहे. त्याची किल्ली अजून कुणाला बनवता आलेली नाही, एवढेच आपल्याला ठाऊक आहे.