घडीत येतं, घडीत जातं : स्वस्त टॅबलेटचं वाय-फाय



मागच्या खरिपातली गोष्ट. आमच्या चिकलठाण्यातले एक मळेकरी भल्या सकाळी टॅबलेट घेऊन माझ्याकडं आले. म्हणाले, "दादा, हे डबडं दुकानदाराच्या गळ्यात परत घालायचंय. पोराच्या मोबाईलवर घरातलं वाय-फाय झकास चालतं, याच्यावर मात्र घडीत येतं, घडीत जातं." पीक विम्याच्या अर्जाची मुदत दोन दिवसांवर आली होती. अर्ज तीन वेळा भरला, आणि तिन्ही वेळा कागद चढवताना मधेच तुटला. माणूस रडकुंडीला आलेला.

मी म्हटलं, ठिबकच्या शेवटच्या नळीला पाणी येत नसलं तर आपण मोटर खोलत बसतो का? आधी फिल्टर बघतो, मग व्हॉल्व्ह, मग नळी कुठं कुरतडलीय का ते. इथंही तसंच. टॅबलेट ते राउटर हा एक टप्पा, राउटर ते बाहेरून आलेली तार हा दुसरा, आणि तिथून पुढं सरकारी संकेतस्थळ हा तिसरा. पाणी कुठं अडलंय ते आधी ठरवायचं.

त्यांच्या घरी गेलो. राउटर आतल्या खोलीत, लोखंडी कपाटावर, टीव्हीच्या मागं दडवलेला. मधे पत्र्याची भिंत, वर पत्र्याचं छत, आणि हे बसायचे ओसरीवर. मी टॅबलेट घेऊन राउटरपासून दोन हातांवर उभा राहिलो. दहा मिनिटं एकदाही तुटलं नाही. म्हणजे टॅबलेट धडधाकट होता, आडवा येत होता तो पत्रा. वाय-फायची लाट पत्र्यातून पार होत नाही, उलटून परत जाते. भरलेली पाण्याची टाकीही ती लाट शोषून घेते. विटांच्या भिंतीतून ती जाते, पण थकून.

मग मोबाईलला कसं चालतं? तर महागड्या यंत्राचे कान तिखट असतात. शिवाय वाय-फायच्या लाटेचे दोन मुख्य पट्टे, 2.4 गिगाहर्ट्झ आणि 5 गिगाहर्ट्झ. बऱ्याच स्वस्त टॅबलेटला फक्त 2.4 चा पट्टा कळतो. हा पट्टा लांब जातो, पण त्याच्यावर गर्दी फार, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर सगळे त्याच्यावरच. राउटर लावणाऱ्या पोराला सांगून 2.4 चं चॅनेल 1, 6 किंवा 11 वर ठेवून घ्या. 12 किंवा 13 वर असलं तर काही टॅबलेटना ते दिसतच नाही.

आम्ही तार लांबवून राउटर ओसरीच्या दारावर, उंच खुंटीला टांगला. खर्च काय तो तारेचा. त्याच रात्री अर्ज गेला आणि पावतीही निघाली.

प्रत्येकाचं दुखणं इतकं सरळ नसतं. राउटरजवळ उभं राहूनही तुटत असेल तर दुसरा मोबाईल त्याच वाय-फायवर लावून बघा. दोन्ही अडले तर दोष राउटरचा किंवा तारेचा. राउटरची पिन काढा, मिनिटभर थांबा, परत लावा. आपल्याकडं विजेचा दाब खालीवर होतो, त्यानं राउटर मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि आपण शिव्या टॅबलेटला घालतो. दिवे लुकलुकतात का, नजर ठेवा. बॅटरीचा छोटा डबा लावायचा असेल तर ॲडाप्टरवर 9 व्होल्ट लिहिलंय की 12, ते वाचूनच घ्या.

मोबाईल चालतो आणि टॅबलेटच अडतो, असं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ते वाय-फाय 'विसरा' म्हणायचं आणि पासवर्ड नव्यानं टाकायचा. बॅटरी वाचवायची सोय चालू असेल तर बंद करा. पडदा विझला की ती वाय-फायही झोपवते. आणि तारीख बघा! टॅबलेट आठवडाभर चार्जिंगविना पडून राहिला की कधीकधी तारीख मागच्या कुठल्या तरी सालावर जाते. मग वाय-फायची खूण दिसते, पण एकही सुरक्षित संकेतस्थळ उघडत नाही. तारीख सुधारली की उघडतं. जुना टॅबलेट पासवर्ड बरोबर असूनही नाकारत असेल, तर राउटरची सुरक्षा डब्ल्यूपीए-3 वर आहे का विचारा; ती डब्ल्यूपीए-2 वर आणली की जुळतं.

एक सावधगिरी. 'नेटवर्क सेटिंग रिसेट' केलं तर साठवलेले पासवर्ड जातात, फोटो राहतात. 'फॅक्टरी रिसेट' केलं तर सगळंच जातं, सातबाऱ्याचे आणि पासबुकाचे फोटोसुद्धा. घाईत या दोन्हींत गल्लत करू नका.

आता शेतावरचं. 15 ऑगस्ट 2021 पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. 2023 च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी पुढं 2024 मध्ये हेक्टरी 5,000 रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, अशी मदत निघाली, तेव्हा आधी या नोंदीचीच अट होती. ज्यांची नोंद नव्हती त्यांची धावपळ आपण पाहिली. पिकाचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो, आणि जागा उपग्रहावरून ठरते. नुसत्या वाय-फायच्या स्वस्त टॅबलेटमध्ये जागा ओळखणारी सोय पुष्कळदा नसतेच. 2011 साली दिल्लीत गाजावाजा करून आलेला 'आकाश' टॅबलेट आठवतो का? त्यालाही पहिल्यांदा सिमकार्ड नव्हतं, वाय-फायवरच सारी भिस्त. तेव्हा पीक पाहणी मोबाईलवरच करा. शेतात बाकी कामाला टॅबलेट लागला तर मोबाईलचं हॉटस्पॉट लावा, पट्टा 2.4 चा निवडा, आणि दोन्ही यंत्रं सावलीत ठेवा.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी संकेतस्थळ अडतं ते बहुधा तिसऱ्या टप्प्यावर, गर्दीमुळं. तिथं राउटर हलवून काही होत नाही. पहाटे बसा, नाहीतर आठ दिवस आधी.

हे सगळं करूनही राउटरशेजारी तुटतच राहिलं, तर मात्र पावती आणि हमीपत्र घेऊन दुकानात जा. "चालत नाही" एवढंच म्हणू नका. "राउटरपासून दोन हातांवर तुटतं, शेजारचा मोबाईल चालतो, पासवर्ड नव्यानं टाकून पाहिला" असं सांगा.