दिवसाच्या साठ घटिका
(वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



दिवस पुरत नाही, ही तक्रार महाड-पोलादपुरात घरोघर ऐकू येते. उपायासाठी दूर जावयास नको. येथल्याच शिवथरच्या घळीत समर्थांनी दासबोध सांगितला, असे परंपरा मानते. त्याच्या अकराव्या दशकाच्या तिसऱ्या समासात प्रातःकाळी उठण्यापासून भोजनोत्तर वाचनापर्यंतचा क्रम लावून दिला आहे.

क्रमाला मापही हवे. पूर्वी ते घटिकापात्र देई. बुडाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडावयाची. ती बुडाली की २४ मिनिटांची घटिका भरली. अहोरात्रात अशा ६०. लग्नमुहूर्तासाठी आपल्या वाडवडिलांनी हे पात्र मांडलेले आहे. १९८० नंतरच्या दशकात फ्रांचेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातील घड्याळ लावून २५ मिनिटांच्या अभ्यासाची पद्धत बसविली. अंतर एका मिनिटाचे!

सकाळी वहीत काम लिहावे, त्यापुढे त्याच्या घटिका. घटिका भरली की काम अपुरे असले तरी खाली ठेवावे; उरलेल्यास दुसरी घटिका नेमावी. दोन घटिका मोकळ्या राखाव्यात, कारण आपल्याकडे पाहुणा सांगून येत नाही आणि पावसाळ्यात सावित्रीही नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलतो. मुलाच्या अभ्यासाची वेळ घर पाळते, दुकानाची गाव पाळते. सुनेने वाचनासाठी काढलेली घटिका चहाच्या एका हाकेसरशी मोडते. वेळापत्रक भिंतीवर लावणार असाल तर तिची घटिका प्रथम लिहा, आणि तेवढी २४ मिनिटे चहा आपला आपण करून घ्या.