रुपयात किती आणे?

‘आजी, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे सहनच होत नाही. तुमचं किती?’ पोटाच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी मी एका आजींना विचारलं.

‘बाई, मी शाळंत गेले न्हाई.’

‘बरं, रुपयात किती आणे दुखतंय?’

‘बारा आणं.’ उत्तर तयारच होतं.

सोळातले बारा म्हणजे दहात साडेसात. चार्टवर मी ८ लिहिलं आणि डॉक्टरांनी लिहून ठेवलेलं इंजेक्शन दिलं. इंजेक्शननंतर साधारण अर्ध्या तासानं, गोळी असेल तर तासाभरानं, त्याच खाटेपाशी जाऊन तोच प्रश्न पुन्हा विचारायचा असतो. हा दुसरा प्रश्नच फार वेळा राहून जातो. एकटीच्या अंगावर सगळा वॉर्ड असला की का राहतो, ते मला ठाऊक आहे. पण राहू नये.

प्रश्न विचारायचीही वेळ असते. निपचित पडलेला पेशंट ‘बरंय’ म्हणतो. त्याला खोकायला सांगा, कुशीवर वळवा, मग विचारा. पोट दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो. म्हणून पोटाशी उशी धरून खोकायला शिकवणं हाही दुखण्यावरचाच उपाय. आणि पेशंट तळमळत असेल तर सुईआधी लघवीची नळी बघावी. ती तुंबलेली असली तर ती मोकळी करणं हेच औषध.

तान्ह्या बाळाला आणे कुठले विचारणार? तिथं चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणं आणि कुशीत घेतल्यावर शांत होणं, अशा पाच गोष्टी बघतो. प्रत्येकीला शून्य ते दोन गुण, एकूण दहा.

आकड्याइतकंच लक्ष मी शब्दाकडे देते. आपल्या बायामाणसांकडे दुखण्याचे शब्द किती नेमके आहेत! येते-जाते ती कळ. मुतखड्याची असो वा बाळंतपणाची. आतड्यात पडतो तो मुरडा. गळू पिकलं की ठणका. आणि ‘भगभगतंय, मुंग्या येतात, करंट मारल्यासारखी चमक येते’ असं कुणी म्हणालं की मनात येतं, हे शिरेचं, म्हणजे मज्जातंतूचं दुखणं; नेहमीच्या गोळीला दाद देईलच असं नाही. हे शब्द केसपेपरवर ‘पेन प्लस’ होऊन बसतात, याचं मला वाईट वाटतं.

मार्गो मॅकॅफरी या अमेरिकन नर्सनं १९६८ सालीच मांडलं होतं की दुखणं किती, हे ज्याला दुखतंय त्यानंच सांगायचं. ते पाठ असूनही मी एकदा चुकले. हाताला प्लॅस्टर घातलेला एक तरुण रात्रभर ओरडत होता. दोनदा इंजेक्शन झालेलं. मला वाटलं, नाटकं करतोय. पहाटे आमच्या मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी त्याची बोटं नुसती हळूच सरळ केली, तर तो किंचाळलाच. प्लॅस्टरच्या आत हात सुजला होता, स्नायूंचा रक्तपुरवठा कोंडला होता. डॉक्टर धावत आले, प्लॅस्टर कापलं, तातडीनं ऑपरेशन झालं. हात वाचला. औषधाला न जुमानता वाढत जाणारं दुखणं हीच त्यातली पहिली खूण असते, आणि ती तो रात्रभर मला ओरडून सांगत होता.

पुरुष निदान ओरडतात तरी. आमच्या बायका ‘काही नाही सिस्टर’ म्हणत चादरीची किनार मुठीत धरून बसतात. अशा वेळी मी तोंडाकडे बघत नाही, मुठीकडे बघते.

त्या आजी चौथ्या दिवशी भिंत धरून बाथरूमपर्यंत जाऊन आल्या. विचारलं, ‘आज किती?’

‘दोन आणं. तेवढं राहू दे बाई. पार बरी झाले म्हणलं तर उद्याच घरी धाडशील, आन् भाकऱ्या मलाच थापाव्या लागतील.’

मी चार्टवर १ लिहिलं.