हायलम वाढला म्हणजे काय?



रिपोर्टात ‘हायलम वाढला’ असं वाचलं की माणूस थेट कॅन्सरवर जातो. हायलम म्हणजे फुफ्फुसाचा देठ. श्वासनळी आणि रक्तवाहिन्या इथूनच आत शिरतात. तिथल्या गाठी सुजल्या किंवा रक्तवाहिनी फुगली की सावली मोठी दिसते. एक्स-रे काढताना वाकडं उभं राहिलं तरी दिसते!

आपल्या भागात पहिला संशय टीबीचा. मुलांना तर बेडकाही पडत नाही, नुसत्या गाठी वाढतात. एकाच बाजूची वाढ, पन्नाशी उलटलेली, वर बिडी, असं असेल तर कॅन्सर आधी तपासावा. दोन्हीकडे सारखी असेल तर सार्कॉइडोसिस किंवा दगडाच्या धुळीचा सिलिकोसिस. चिखला-डोंगरीच्या खाणीत, क्रशरवर काम केलं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. हे आजार टीबीसारखेच दिसतात, म्हणून नुसत्या सावलीवर सहा महिन्यांची औषधं सुरू करणं मला पटत नाही. बेडका, सीटी, लागलं तर गाठीचा नमुना तपासावा.

सावली दुखत नाही. खोकला, ताप, धाप, वजन घटणं ही मूळ रोगाची लक्षणं. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात बेडका फुकट तपासतात.

आणि जुनी फिल्म फेकू नका. सावली पाच वर्षं तशीच असेल तर अर्धी काळजी तिथंच मिटते. जेवणानंतर मी व्हरांड्यात बसतो. ज्यांनी फिल्म आणल्या त्यांनी या.