फवाऱ्याला पाऊस कळावा म्हणून

बाप्पाच्या मांडवात नळ-पाण्याचं बोलतोय, सांभाळून घ्या.

इंदूरला नर्मदा १९७८ साली आली. जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवत. त्याआधीची टंचाई इथल्या आजी-आजोबांना वेगळी सांगायला नको. आणि आता नर्मदेचं असो की बोअरिंगचं, पाणी भर पावसात बगीच्याच्या फवाऱ्यांतून उडताना आम्ही दर श्रावणात बघतो. सरकारी बागांतही, कॉलन्यांतही.

यात माळ्याचा दोष नाही. साधा टायमर फक्त घड्याळ बघतो. सहा वाजले की वीस मिनिटं वॉल्व उघडा, मे असो की ऑगस्ट. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटर हिरवळीला पाच मिलिमीटर दिलं, की एका सकाळी ५०० लिटर गेलं.

हवामान बघणारा कंट्रोलर तापमान, आर्द्रता, वारा आणि ऊन यांवरून माती व पानांतून किती पाणी उडालं ते काढतो, पडलेला पाऊस वजा करतो आणि उरेल तेवढीच मिनिटं वॉल्व उघडतो. माळव्यात मेच्या लूमध्ये गवताला जितकं लागतं, त्याच्या निम्मंही ऑगस्टात लागत नाही.

काही कंट्रोलर हवामान इंटरनेटवरून घेतात. आमचा त्यावर एकट्यावर भरवसा नाही. राजवाड्यावर मुसळधार आणि विजयनगरात रस्ते कोरडे, हे आपण सगळेच बघतो. म्हणून जागेवरचा रेन सेन्सर हवाच. त्यातल्या चकत्या भिजून फुगतात आणि वॉल्वची वीज तोडतात, वाळल्या की पुन्हा जोडतात. घरच्या छोट्या बागेला एवढा सेन्सर आणि दर महिन्याला टायमरची मिनिटं बदलणं पुरे. महागडा कंट्रोलर कॉलनीच्या मोठ्या बागेलाच परवडतो.

आपली काळी माती पाणी सावकाश पिते. वीस मिनिटं सलग सोडलं तर निम्मं रस्त्यावर वाहतं. त्यापेक्षा सात-सात मिनिटं, मध्ये अर्धा तास थांबून. चांगल्या कंट्रोलरमध्ये ही सोय असते, दुकानदाराला विचारून घ्या. फुटलेला पाइप मात्र तो शोधेलच असं नाही, तिथे माणूसच फिरला पाहिजे.

सेन्सर गच्चीच्या कडेला, उघड्यावर बसवा. आंब्याखाली नको. आणि फवारा पोहोचेल तिथे तर मुळीच नको, तो फवाऱ्यालाच पाऊस समजेल.