माफी कसली मागता?

(अभ्यास मंडळात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही पुढारी नाही. गोदीत ओझी उचलतो आणि रात्री कविता लिहितो. मॅट्रिक झालो तेव्हा कॉलेजच्या खिडकीतल्या माणसानं सांगितलं, स्कॉलरशिप येईल तेव्हा येईल, आधी फी भर. फी नव्हती. म्हणून गोदीत लागलो. तेव्हा शिक्षण आणि पैसा या विषयावर मी बोललो तर ते पुस्तकातलं नसेल एवढी खात्री बाळगा.

आज बोलायचंय ते अमेरिकेतल्या पोरांच्या कर्जावर. कुणी म्हणेल, ह्या हमालाला अमेरिका कशाला पाहिजे? १९७२ साली याच मुंबईत आपल्या आधीच्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते तिकडच्या काळ्या पोरांकडून. नुसतं नाव घ्यायचं आणि त्यांच्या घरात आज काय चाललंय ते विचारायचं नाही, हे काय नातं झालं? दुसरं कारण इथलंच आहे. माझ्या गल्लीतल्या एका पोरानं परवा मला बँकेचे कागद दाखवले. त्याच्यावर शेवटी येतो.

तिकडं चार कोटींवर माणसं सरकारचं शैक्षणिक कर्ज डोक्यावर घेऊन फिरतात. एकूण आकडा दीड लाख कोटी डॉलरच्या वर जातो. धंदेवाल्याचं दिवाळं निघालं तर तो कोर्टात जाऊन मोकळा होतो. शिकणाऱ्याचं दिवाळं निघालं तरी हे कर्ज सहजासहजी सुटत नाही, कायदाच तसा केलाय. आणि हे ओझं सगळ्यांना सारखं नाही. १९९५-९६ साली कॉलेजात गेलेल्या पोरांचा वीस वर्षांनी हिशेब काढला, ब्रँडाइस विद्यापीठातल्या अभ्यासकांनी. मधल्या गोऱ्या कर्जदारानं घेतलेल्यातलं ९४ टक्के फेडून टाकलेलं होतं. मधल्या काळ्या कर्जदाराच्या डोक्यावर ९५ टक्के अजून तसंच. दोघंही वीस वर्षं जगले, राबले. एकाच्या मागं बापाचं घर होतं, दुसऱ्याच्या मागं बापाचं भाडं होतं. हप्ता भरायचा, तो व्याजातच जायचा, मुद्दल जागच्या जागी. सावकाराची वही आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आता मूळ गोष्ट. कोरिंथियन नावाची कॉलेजांची कंपनी होती कॅलिफोर्नियात. १९९५ साली काढलेली. एव्हरेस्ट, हील्ड, वायोटेक अशी तिची दुकानं, शंभरावर. नर्सिंगची मदतनीस व्हा, मेकॅनिक व्हा, ऑफिसात लागा, अशा जाहिराती. पोरानं सरकारी कर्जाच्या कागदावर सही केली की पैसा थेट कंपनीच्या गल्ल्यात आणि कर्ज पोराच्या नावावर. २०१३ साली कॅलिफोर्निया राज्यानं खटला भरला तेव्हा कंपनीचे आतले कागद बाहेर आले. गिऱ्हाईक कसं शोधायचं, तर एकटं पडलेलं, स्वतःला कमी समजणारं, ज्याची काळजी करणारं फारसं कुणी नाही असं. ऐकताय ना? आपली वर्णनं आहेत ही. आपल्याला वाटतं आपल्याला कुणी बघत नाही. बघतात. फक्त कापायला बघतात. नोकऱ्या लागल्याचे आकडेसुद्धा खोटे होते. एप्रिल २०१५ मध्ये उरलीसुरली कॉलेजं एका दिवसात बंद केली, सोळा हजार पोरं रस्त्यावर. डिग्रीला बाजारात किंमत नाही, कर्ज मात्र जिवंत.

त्याच्या दोन महिने आधी, फेब्रुवारीत, पंधरा जणांनी जाहीर केलं, आम्ही फेडणार नाही. पंधरा! आपल्या मंडळात आज त्याहून जास्त बसलेत. त्यांच्यामागं डेट कलेक्टिव्ह नावाची संघटना होती, वॉल स्ट्रीट अडवणाऱ्या चळवळीतून निघालेली. आता संप म्हटला की आपल्याला कळतो, गोदीचा संप, गिरणीचा संप. पण कर्जदाराचा संप कसा करायचा? तो एकेकटा घरात बसून नोटीस वाचतो. त्याला गेट नाही, पाळी नाही, शेजारचा कामगार नाही. म्हणून या लोकांनी आधी कर्जदारांना एकमेकांची तोंडं दाखवली. मग कायदा चाळला. १९९३ साली उच्च शिक्षणाच्या कायद्यात एक कलम घातलं होतं, की कॉलेजनं फसवलं असेल तर कर्जदार ते कारण दाखवून फेडायला नकार देऊ शकतो. वीस वर्षं ते कलम धूळ खात पडलं होतं. कुणी सांगितलंच नव्हतं. अर्जाचा नमुना नव्हता, खिडकी नव्हती. मग संघटनेनं स्वतःच अर्ज तयार केला. शेकडो अर्ज लाल खोक्यात भरून वॉशिंग्टनला नेऊन अधिकाऱ्यांच्या पुढ्यात ठेवले.

मला हे फार आवडलं. सरकारकडं फॉर्म नाही म्हणून आपण गप्प बसतो. फॉर्म येईल, मग साहेब येईल, मग जेवणाची सुट्टी संपेल. त्यांनी फॉर्मच लिहिला आणि म्हणाले, घ्या, आता पोच द्या.

पोच द्यायला साल्यांनी किती वर्षं लावली ते ऐका. २०१७ साली राज्य बदललं. नव्या शिक्षणमंत्री बेट्सी डेव्हॉस. त्यांच्या काळात दीड वर्ष एकाही अर्जावर निर्णय नाही, लाख-दीड लाख अर्ज पडून. उलट कोरिंथियनच्या पोरांकडून वसुली करू नका असं कोर्टानं सांगितलेलं असताना वसुली चालू ठेवली. ऑक्टोबर २०१९ मध्ये कोर्टाच्या अवमानाबद्दल खात्याला एक लाख डॉलर दंड झाला. कर्जदारांनी सगळ्यांच्या वतीनं एकत्र खटला भरला होता. तो चालू असताना खात्यानं अर्ज पटापट निकालात काढायला घेतले, एकाच साच्याची पत्रं छापून, नामंजूर, नामंजूर. २०२२ साली त्या खटल्यात तडजोड झाली आणि दोन लाखांच्या आसपास लोकांचं कर्ज उडालं. त्याच वर्षी जूनमध्ये कोरिंथियनच्या ५ लाख ६० हजार माजी विद्यार्थ्यांचं ५८० कोटी डॉलरचं कर्ज सरकारनं रद्द केलं. आणि नीट ऐका, ज्यांनी अर्ज केलाच नव्हता त्यांचंही.

पंधरा जणांपासून साडेपाच लाख. सात वर्षं.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल हा अमेरिकेचे पोवाडे गातोय. २०२२ च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष बायडन यांनी घोषणा केली, दहा हजार डॉलर माफ, गरिबीची पेल शिष्यवृत्ती घेतलेल्यांना वीस हजार. ऑक्टोबरमध्ये फॉर्म खुला झाला. फॉर्म इतका सोपा की पाच मिनिटांत भरून व्हावा. उत्पन्नाचा दाखला नको, साहेबाची सही नको. एक कोटी साठ लाख अर्ज मंजूरसुद्धा झाले. मग सहा राज्यं कोर्टात गेली आणि ३० जून २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सहा विरुद्ध तीन मतांनी ती योजना मोडून टाकली. मंजुरीचं पत्र हातात आणि हप्ता पुन्हा दारात. वरून दिलेलं वरच्यावर काढून घेता येतं, दुसरं काय.

आणि हा माफी शब्द मला खुपतो. चोरी केली त्यानं माफी मागावी. शिकलो, हा गुन्हा आहे? डेट कलेक्टिव्हची माणसं माफी म्हणत नाहीत, रद्द करा म्हणतात. आपल्याकडं शेतकरी संघटना कर्जमाफी नको, कर्जमुक्ती म्हणा, असं सांगत आली. शब्दाचा हट्ट धरावा. मी कवी आहे म्हणून नाही म्हणत. अर्जात 'कृपा व्हावी' लिहिलं की खिडकीतला माणूस कृपाच करतो, आणि कृपा नाही केली तर त्याला जाब विचारायला आपल्याकडं काही राहत नाही.

आता तो गल्लीतला पोरगा. एजंटानं त्याला खाजगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातली जागा दिलीय, पावणेचार लाखांचं कर्ज. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही म्हणून तो खूश आहे. पण आईची सही सहकर्जदार म्हणून घेतलीय. ती चार घरची धुणीभांडी करते. कोर्स संपल्यावर वर्षभरानं हप्ता सुरू होणार, नोकरी लागो न लागो. आणि एजंटानं जे सांगितलं नाही ते हे: आपल्या पोरांना मॅट्रिकनंतरची भारत सरकारची स्कॉलरशिप आहे, १९४४ पासून, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात होते तेव्हापासून. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलं की फी सरकारनं भरायची. पण मॅनेजमेंट कोट्यातून गेलास की ती मिळत नाही. म्हणजे जी फी सरकारनं भरायची ती आता हा बँकेला भरणार, व्याजासकट. ज्यांचं उत्पन्न त्याहून थोडं वर आहे त्यांच्यासाठी कोर्सच्या काळातलं व्याज केंद्र सरकारनं भरण्याची योजना आहे, साडेचार लाखांपर्यंत. तीही बँकेनं आपणहून सांगितल्याचं मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

त्याच्या कर्जाचा पहिला हप्ता अजून कॉलेजला गेलेला नाही. सोमवारी बँकेत त्याच्याबरोबर चौघं जायचंय. माझी रात्रपाळी आहे, सकाळी सुटलो की तसाच येतो. आणि ज्यांची स्कॉलरशिप अडकलीय, ज्यांच्या घरी बँकेचं पत्र आलंय, ज्यांना कॉलेजनं दाखला अडवून ठेवलाय, त्यांनी रविवारी कागद घेऊन इथंच यायचं. जे काही असेल ते आणा, फाटलेलं असलं तरी. आपण आधी ते मोजू.