केरळची कायले : जलविहार आणि जलरक्षण



केरळच्या किनाऱ्याला समांतर अशी सरोवरे, खाड्या व कालवे यांची एक साखळी पसरलेली आहे. मल्याळम् भाषेत या जलाशयांना ‘कायल’ म्हणतात. त्यांतील सर्वांत मोठे वेंबनाड होय. पंपा, अच्चनकोविल, मणिमला, मीनचिल आणि मूवाट्टुपुळा या नद्या आपले पाणी येथे आणतात, तर कोचीच्या मुखातून समुद्राची भरती आत शिरते. गोड्या आणि खाऱ्या पाण्याचा हा संगम हेच या प्रदेशाच्या समृद्धीचे व सौंदर्याचे मूळ होय.

आलप्पुळा येथून निघालेला प्रवासी नारळीच्या रांगांमधून कुट्टनाडात प्रवेश करतो, तेव्हा त्याला एक अपूर्व दृश्य दिसते. नौका वरच्या पातळीवरून चालते आणि बांधापलीकडील भातशेती खाली असते! समुद्रसपाटीखालील ही जमीन पिढ्यान् पिढ्यांच्या श्रमातून पाण्याबाहेर काढलेली आहे. चिखलाचे बांध घालावयाचे, आतील पाणी उपसावयाचे आणि मग पेरणी करावयाची, अशी तेथील रीत आहे. २०१३ मध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेने या शेतीपद्धतीला कृषिवारशाचा मान दिला. कोकण-गोव्यातील खाजणशेती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या कष्टांचे मोल सांगावयास नको.

पर्यटकांच्या आवडीचा ‘केट्टुवळ्ळम्’ हा मूळचा भातवाहू पडाव होय. ‘केट्टु’ म्हणजे बांधणे. लाकडी फळ्या खिळ्यांवाचून, काथ्याच्या दोरीने बांधून तो तयार करतात. रस्ते व पूल झाले, तसा त्याचा व्यवसाय मंदावला. पुढे त्याच पडावांवर खोल्या उभारून घरनौका तयार झाल्या. ज्यांना लोकजीवन पाहावयाचे आहे, त्यांनी मात्र आलप्पुळा-कोट्टयम् या सरकारी बोटीने जावे. विद्यार्थी, मासेविक्रेत्या, कारकून असे सारे तिचे उतारू असतात. पुन्नमडा कायलात नेहरू करंडकाची नौकाशर्यत होते. १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या भेटीनिमित्त झालेली शर्यत हा तिचा आरंभ होय.

परंतु या चित्राला दुसरी बाजूही आहे. खाऱ्या पाण्यापासून भातशेती वाचविण्यासाठी तण्णीरमुक्कम् येथे बांध घालण्यात आला व तो १९७६ मध्ये कार्यान्वित झाला. उन्हाळी हंगामात त्याची दारे बंद असतात. त्यामुळे पीक वाचते. परंतु मासळी व कोळंबीची समुद्राकडील ये-जा अडते, पाणी साचते आणि जलपर्णी माजते. शेतकऱ्याचे हित आणि कोळ्याचे हित एकाच दारापाशी समोरासमोर उभे राहते. त्यातच घरनौकांच्या सांडपाण्याची भर पडते. २००२ मध्ये वेंबनाडला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. परंतु केवळ दर्जाने पाणी स्वच्छ राहत नाही. भराव घालून पाण्याची जागा आकुंचित केली, तर पुराला वाट कोठून मिळावी? ऑगस्ट २०१८ च्या महापुरात कुट्टनाडातील कुटुंबांना घरेदारे सोडून छावण्यांचा आश्रय घ्यावा लागला, ही घटना विसरण्याजोगी नाही.

आशेची चिन्हेही आहेत. कुमरकम् येथे २००८ च्या सुमारास ग्रामपंचायतीच्या सहभागाने जबाबदार पर्यटनाचा उपक्रम सुरू झाला आणि कुटुंबश्रीच्या महिला गटांची भाजी तेथील हॉटेलांत जाऊ लागली. २०१७ मध्ये वैक्कम् येथे सूर्यशक्तीवर चालणारी ‘आदित्य’ ही प्रवासी बोट सुरू झाली.

पर्यटनाचा पैसा गावात राहावा आणि पर्यटनाची घाण गावात राहू नये, हे सूत्र केरळपुरते मर्यादित नाही. आपल्या खाड्यांच्या काठी पर्यटक येतील, तेव्हा त्यांच्या स्वागताची कमान उभारण्यापूर्वी सांडपाण्याची व्यवस्था उभारणे, हे पंचायतींचे पहिले कर्तव्य ठरेल.